शत्रू गेला, खाते राहिले

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ज्याच्यावर नजर ठेवण्यात अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तहेर संस्थेची चव्वेचाळीस वर्षे गेली, तो शत्रूच उरला नाही. मग या संस्थेचे करावे काय?

सेनेटर डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहान यांनी ती बंद करून तिचे काम परराष्ट्र खात्याकडे द्यावे, असे विधेयक १९९१ मध्येच मांडले. १९९२ मध्ये सेनेटर डेव्हिड बोरेन यांनी सर्व हेरखात्यांवर एक प्रमुख नेमण्याचे सुचविले. दोन्ही सूचना मागे पडल्या. घर आतूनच झाडावे, असे ठरले.

ते किती झाडले गेले, हे फेब्रुवारी १९९४ मध्ये दिसले. ऑल्ड्रिच एम्स हा संस्थेचाच अधिकारी पकडला गेला. १९८५ पासून तो पैशासाठी मॉस्कोला गुपिते विकत होता. त्याच्यामुळे अमेरिकेला माहिती देणारे निदान दहा जण प्राणास मुकले. वरिष्ठांपैकी अकरा जणांना लेखी समज मिळाली. नोकरी मात्र एकाचीही गेली नाही.

पुढे ११ सप्टेंबर २००१ रोजी सुमारे तीन हजार माणसे मारली गेली. विमाने पळविणाऱ्यांपैकी दोघांची माहिती संस्थेजवळ आधीच होती, पण ती इतर खात्यांना वेळेवर पोचली नाही. तेव्हा कुठे डिसेंबर २००४ च्या कायद्याने सर्व हेरखात्यांवर एक संचालक आला. बोरेन यांनी सुचविलेली गोष्ट बारा वर्षांनी घडली, तीही एवढे बळी गेल्यावर!

वाचकहो, हा अमेरिकेचा घरचा कारभार, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडलेल्या चागोस बेटांपैकी दियेगो गार्सियावर अमेरिकेचा तळ आहे. कैद्यांना गुपचूप नेणारी विमाने तेथे उतरली नाहीत, असे ब्रिटिश सरकार पुनःपुन्हा सांगत होते. फेब्रुवारी २००८ मध्ये परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना संसदेत कबूल करावे लागले की, २००२ मध्ये अशी दोन विमाने तेथे उतरली होती. अमेरिकेने आधी दिलेली माहितीच चुकीची होती. नवा संचालक असूनही हे सत्य बाहेर यायला सहा वर्षे लागली.

हेर नकोत, असे आम्ही म्हणत नाही. शिवरायांनाही बहिर्जी नाईक लागले. पण गुप्त खाते आपण होऊन आपली झडती घेत नाही. ती लोकांनी निवडलेल्या माणसांनीच घ्यावी लागते, आणि तीही संकट नसताना, शांतपणे. १९९१ नंतर अमेरिकेला तशी दहा वर्षे मिळाली होती. ती वाया गेली.

आपला देश लहान आहे. परंतु दियेगो गार्सियावर कोण उतरते आणि कशासाठी, हे विचारण्याचा आपला हक्क लहान नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी तो प्रश्न विचारीत राहावे, एवढीच आमची मागणी आहे.