परवाना परदेशाचा, दाखला खेडचा
चाकणच्या वाहन उद्योगातून युरोपात नोकरीला गेलेल्या आई-बापाकडे मूल पोहोचायला उशीर झाला, की दोष दूतावासाला दिला जातो. पण नात्याचा पहिला पुरावा, जन्मदाखला, इथेच तयार होतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार बाळाचे नाव नोंदीत नंतरही घालता येते. ते राहून गेले, किंवा आईचे नाव दाखल्यावर माहेरचे आणि पासपोर्टवर सासरचे असले, की अर्ज अडू शकतो. कुटुंब एकत्रीकरणाच्या 2003 च्या युरोपीय नियमात निर्णयाला नऊ महिन्यांपर्यंत मुदत आहे. लहानग्यासाठी हा फार मोठा काळ. मुलांची तस्करी होते, म्हणून तपासणी कडकच हवी, हा आक्षेप रास्त आहे. मात्र बिनचूक दाखल्याने तपासणी सैल होत नाही, ती लवकर संपते. राजगुरुनगर नगरपरिषदेने आणि खेडच्या ग्रामपंचायतींनी नोंद-दुरुस्तीची शिबिरे शाळांमध्येच भरवावीत.