संगणकाचेही ओव्हरहॉलिंग हवे

सभासद बंधूंनो, हंगाम संपला की मिलचे रोलर, बॉयलर, टर्बाइन सगळे खोलून तपासतात. तो खर्च वाया गेला असे तेलगाव भागातला कोणी ऊसवाला म्हणत नाही. मग ज्या संगणकावर आपल्या उसाची नोंद, वजन अन् बिल असते, त्याच्याच बाबतीत 'पुढच्या वर्षी बघू' का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज 10, ऑफिस 2016 आणि 2019 यांचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविला. संगणक चालूच राहतो, तिथेच फसगत होते! नवी भगदाडे बुजविणारी दुरुस्ती पूर्वीसारखी येत नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते अडकले.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात. ऐन गाळपात नोंदीच अडकल्या, तर ते दिवस कोणाच्या खिशातून जाणार?

पैशाची अडचण असेल तर लिब्रेऑफिस फुकट अन् मराठीतही मिळते. अर्थात तेही वरचेवर नवे करावे लागते. चोरीची प्रत मात्र नकोच. आधी नोंदींची दुसरी प्रत वेगळी काढून ठेवावी आणि गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी हे काम उरकावे. वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर हाही प्रश्न सभासदांनी विचारावा, असे आमचे मत आहे.