चौकोन तोच, गोधडी आपली

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या प्रदर्शनात एका बाईंनी गोधडी उलटसुलट करून पाहिली नि म्हणाल्या, "अशीच बाजारात स्वस्त मिळते की!" राग आला, पण त्यात खोटं काय होतं? नक्षी आम्ही छापील चादरीवरूनच उचलली होती.

खरं तर नक्कल करायची गरजच नाही. एक फिका नि एक गडद त्रिकोण जोडून चौकोन करा. असे चार चौकोन जमिनीवर मांडा आणि एकेक फिरवून पाहा. कधी भिरभिरं होतं, कधी शंकरपाळी, कधी तिरके पट्टे. चौकोन चारच, पण मांडण्या होतात २५६! शिवाय आईच्या लुगड्याचा तुकडा कुठे नि लेकीच्या फ्रॉकचा कुठे, हे तुमच्याशिवाय कोण ठरवणार?

आधी मांडा, लांबून बघा, मगच शिवा. आणि हो, कोपऱ्यात आपलं नाव टाका. भांड्यांवर आपण हौसेनं नावं घालून घेतो, मग महिनाभर खपून शिवलेल्या गोधडीवर का नको? नक्षी आपली असली, की किंमत सांगतानाही मान खाली जात नाही.