शांतता! बैठक चालू आहे

पोळा जवळ आला की दिग्रसच्या बाजारात बैलांच्या साजाची दुकानं लागतात आणि गावोगाव शांतता समितीच्या बैठका लागतात. साजाबद्दल या सदराच्या लेखकाची काही तक्रार नाही. बैठकीला मात्र तो यंदाही जाऊन आला आणि कुरकुरत परतला. नेहमीच्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पुढच्या रांगेत दरसालचेच चेहरे. एकाने ‘गुण्यागोविंदाने’ म्हटलं की दुसरा ‘भाईचारा’ म्हणणार, तिसरा गावाच्या परंपरेवर घसरणार. एकमेकांशी कुणी बोलत नाही. सगळे बोलतात ते साहेबांशी आणि फोटोग्राफरशी. शेवटी मागून एका पोराने विचारलं, “मिरवणुकीच्या रस्त्यावर तार खाली लोंबते, तिचं काय?” त्याला सांगण्यात आलं, हा आजचा विषय नाही. मग चहा आला. बाई एकही नव्हती, हे चहा पिताना लक्षात आलं.

सणांतल्या शांततेचा विषय तसा खरा आहे. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला. 2024 आणि 2025 मध्ये दोन्हींत एकेका दिवसाचं अंतर होतं, तेव्हाही तिथे जुलूस पुढे गेले आणि सुट्टीही सरकली. यंदा अधिक ज्येष्ठाने गणपती लांबवले, ईद आधीच येते. पंचांगानेच मिटवलं म्हणायचं. त्याला शाल-श्रीफळ कुणी दिलं नाही.

लेखकाला अशा वेळी भिवंडी आठवते. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेलं गाव. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं जास्त, आणि त्यांच्यासोबत हवालदार-शिपाई. सणासुदीपुरतं नाही, एरवीही बसायचं, किरकोळ भांडणं तिथल्या तिथे मिटवायची. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. लोंबणारी तार तिथे नक्की आजचा विषय ठरली असती.

एकमेकांशी खरं बोलणं ऐकायचं तर आता थोडं बाजाराकडे. दिग्रसच्या भोवती तांडेच तांडे. पोहरादेवी जवळच, रामनवमीला तिथे तेलंगण-कर्नाटकातूनही बंजारा भाविक लोटतात. त्यामुळे इथल्या बागवानाला बंजाऱ्यांची गोरमाटी बोली येतेच. घरात उर्दू, हिशेब मराठीत, आणि तांड्यावरची म्हातारी गाडीपाशी थांबली की लगेच “याडी”, म्हणजे आई, सुरू. परवा अशाच एका याडीने वांगं उलटंपालटं करून देठ दाबला, कीड दाखवली आणि त्याच्या बापाच्या काळातला भाव काढला. बापाची गाडीही तिला माहीत होती, उधारीही. बागवानाने तिच्या नातवाच्या लग्नाचा विषय काढून बाजू पलटवायचा प्रयत्न केला. बोलणं एवढं रंगलं की मागे गिऱ्हाईकं खोळंबली, त्यांत हे लेखकमहाशयही.

पाच रुपयांवर घोडं अडलं. म्हातारी वांगी तशीच टाकून पुढच्या गाडीकडे निघाली, तर तिथे बागवानाचाच भाऊ उभा.