कृषिशिक्षण : शुल्क सरकारचे, शेत कोणाचे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत चौदावी नोंद शेतीची आहे आणि तिच्यातच कृषिशिक्षण व संशोधन यांचा समावेश आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सर्वसाधारण शिक्षण समवर्ती सूचीत गेले. कृषिशिक्षण मात्र राज्यांकडेच राहिले. १९२९ साली स्थापन झालेल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेचे साहाय्य मिळत असले, तरी या शिक्षणाचा मुख्य भार राज्यांच्या तिजोरीवरच पडतो. तिजोरीला ओढ लागली की कात्री प्रथम कोठे चालते, हे कृषी विद्यापीठांतील वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या जागा सांगतात.

वास्तविक, हा खर्च केवळ पदव्या देण्यासाठी कधीच नव्हता. १९६० मध्ये पंतनगरला आणि १९६२ मध्ये लुधियानाला कृषी विद्यापीठे उभी राहिली, ती अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य एकाच छत्राखाली आणण्यासाठी. प्रत्येक राज्यात असे किमान एक विद्यापीठ असावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने केली. महाराष्ट्रात १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार विद्यापीठे आकाराला आली. राहुरीचे 'भगवा' डाळिंब, नांदेडच्या संशोधन केंद्राचा 'एनएचएच-४४' हा संकरित कापूस, कोकणातील 'वेंगुर्ला' काजूच्या जाती ही या खर्चाचीच फळे. डाळिंबाच्या बागेसाठी कर्ज मंजूर करताना बँक ज्या उत्पन्नाचा हिशेब मांडते, त्यामागे सार्वजनिक पैशाने वर्षानुवर्षे चाललेले निवडीचे काम असते. त्या कामाचे शुल्क कोणी शेतकऱ्याकडून आकारत नाही, आणि आकारूही नये.

गेल्या दोन-अडीच दशकांत महाराष्ट्रातील चित्र पालटले आहे. याच विद्यापीठांशी संलग्न असलेली खाजगी कृषी महाविद्यालये संख्येने शासकीय महाविद्यालयांच्या पुढे गेली. त्यांना 'विनाअनुदानित' म्हणतात. पण हा शब्द आता अपुरा वाटतो. राखीव प्रवर्गांची शिष्यवृत्ती आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना मिळणारी शुल्क-प्रतिपूर्ती यांच्या रूपाने सरकारी पैसा तेथेही पोहोचतोच. तो संस्थेला थेट मिळत नाही, विद्यार्थ्यामागून येतो, एवढेच.

यात गैर काही नाही. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालय निघाले म्हणून शिकू शकलेली मुले-मुली थोडी नाहीत. आक्षेप आहे तो या पैशाच्या मोजमापावर. शुल्क भरले गेले की वर्ग चालतो. परंतु प्रक्षेत्र, सिंचनाची सोय, जनावरांचा गोठा, मृदा-परीक्षणाची प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ अध्यापक यांचा खर्च एकट्या शुल्कातून निभावणे कठीण असते. अशा वेळी प्रात्यक्षिके फळ्यावर उरकण्याचा मोह होतो. अंतिम वर्षातील ग्रामीण कार्यानुभवाचे सत्र हा या अभ्यासक्रमाचा प्राण. तेही काही ठिकाणी वहीपुरतेच उरते. (अशी वही किती सुबक असते, हे परीक्षकांना चांगलेच ठाऊक आहे!)

कृषी पदवीधर स्पर्धा परीक्षांकडे वळतात, मग सरकारने खर्च का करावा, असाही प्रश्न विचारला जातो. तो तितकासा न्याय्य नाही. बँकेच्या शाखेतील कृषी अधिकारी हाही अशाच महाविद्यालयातून आलेला असतो, आणि उभे पीक पाहून त्याची अवस्था ओळखणारा अधिकारी कर्जदार व बँक या दोघांनाही उपयोगी पडतो. हे पीक त्याने विद्यार्थिदशेत खरोखर घेतले होते का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून खाजगी महाविद्यालयांना सरकारी मदत नाकारण्याऐवजी तिचा एक हिस्सा शुल्कापासून वेगळा काढून प्रक्षेत्राशी जोडावा. पेरणीच्या हंगामात प्रत्यक्ष पाहणी व्हावी, अध्यापकांची हजेरी तपासली जावी, दत्तक गावातील शेतकऱ्यांनाही विचारले जावे आणि मगच पैसे मिळावेत. त्याच वेळी, खाजगी जागा वाढल्या या सबबीखाली विद्यापीठांच्या अनुदानाला हात लागता कामा नये. नवे वाण खाजगी महाविद्यालयाच्या वर्गात तयार होत नाहीत.

प्रतिपूर्तीच्या बाहेर राहणारे कुटुंब शैक्षणिक कर्जासाठी बँकेकडे येते. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या अशा कर्जाला २०१५ पासून केंद्र शासनाच्या पतहमी निधीचा आधार उपलब्ध आहे. परंतु हमी कर्जाची असते, शिक्षणाची नव्हे. प्रवेशापूर्वी पालकांनी महाविद्यालयाची इमारत पाहावी, त्याचबरोबर प्रक्षेत्रावर या हंगामात काय पेरले आहे, हेही विचारावे.