आलेखाच्या रेघा आणि वऱ्हाडातील तरुण

अकोला व अमरावती येथील अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी आता आणखी एका विद्येची उपासना चाललेली दिसते. सकाळी सव्वानऊला शेअरबाजार उघडला की मोबाइलच्या पडद्यावर हिरव्या-तांबड्या मेणबत्त्या उभ्या राहू लागतात आणि तरुण त्यांत ‘डोके व खांदे’, ‘दुहेरी तळ’, ‘आधार’ व ‘अडथळा’ अशा आकृत्या शोधू लागतात. या विद्येला तांत्रिक विश्लेषण म्हणतात. पक्षातील पुष्कळ कार्यकर्ते हा प्रकार सुखवस्तू मध्यमवर्गाचा छंद म्हणून दृष्टीआड करतात. ही उपेक्षा महागात पडणारी आहे. कारण या पटावर आज केवळ शेटजी बसलेला नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचा, कंत्राटी शिक्षकाचा व जिनिंगमधील हमालाचा मुलगाही तेथे येऊन बसला आहे.

या विद्येचा उगम धान्यबाजारात आहे. अठराव्या शतकात जपानमधील ओसाका येथील दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे होत. मेणबत्तीच्या आलेखाचे जनकत्व परंपरेने साकाता येथील होम्मा नावाच्या तांदूळ व्यापाऱ्याकडे दिले जाते. अमेरिकेत चार्ल्स डाऊ याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भावांच्या लाटांविषयी विवेचन केले आणि १९४८ मध्ये एडवर्ड्स व मॅगी यांच्या ग्रंथाने आकृत्यांचे व्याकरण पक्के केले. या साऱ्यामागील गृहीतके दोन : जे काही जाणण्यासारखे आहे ते भावात आधीच उतरलेले असते, आणि माणसाची भीती व लोभ यांत बदल होत नसल्याने भावाच्या आकृत्या पुन:पुन्हा उमटतात.

या गृहीतकांत सत्याचा अंश मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. झुंडीने वागणारी माणसे काही काळ भावाला दिशा देतात, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु १९५९ मध्ये हॅरी रॉबर्ट्स या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने केवळ यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांचे आलेख काढून दाखविले, तेव्हा त्यांतही बाजारात दिसतात तशाच आकृत्या दिसू लागल्या. आकाशातील ढगांत हत्ती दिसतो, म्हणून तेथे हत्ती असतो असे नव्हे. शिवाय दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. जी आकृती लाखो लोकांना एकाच क्षणी दिसते, ती कोणा एकाला लाभ कसा देणार? सर्वांना ठाऊक असलेले गुपित हे गुपितच राहत नाही.

वऱ्हाडला हे नवीन वाटू नये. १८५३ मध्ये हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. तेव्हापासून येथील शेतकऱ्याचे भवितव्य दूरच्या बाजारातील आकड्यांशी बांधले गेले. कारंजा येथे १८८६ मध्ये बाजाराचे नियमन सुरू झाले व १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला, तो काही उगाच नव्हे. मापातील लबाडी व अडत्यांची मनमानी आवरण्यासाठी तो करावा लागला. पुढे न्यूयॉर्कहून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या उघडत्या व बंद भावांवर आकडा लावण्याचा जुगार फोफावला. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले. पण जुगार थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि ‘मटका’ जन्मास आला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, मटका खेळणाराही जुन्या आकड्यांचे ‘चार्ट’ जपून ठेवतो व त्यांवरून उद्याचा आकडा काढतो. त्याला समाज जुगारी म्हणतो. मोबाइलवरील आलेख वाचणाऱ्याला मात्र ‘ट्रेडर’ ही प्रतिष्ठेची पदवी मिळते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एखाद्या कंपनीचा शेअर घेऊन तो वर्षानुवर्षे ठेवणाऱ्याला त्या कंपनीच्या नफ्यात, म्हणजे अखेर तेथील कामगारांच्या श्रमाने निर्माण झालेल्या मूल्यात, वाटा मिळतो. वायदे व ऑप्शन यांत काहीच निर्माण होत नाही. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा; आणि दलाली व कर वजा जाता सर्वांची मिळून बेरीज उणेच येते. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, कोणाचा पैसा कोणाकडे जातो.

याचे उत्तर कोणा डाव्या पुस्तिकेने नव्हे, तर भारत सरकारच्याच ‘सेबी’ या नियामक संस्थेने दिले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळविणारे अवघे एक टक्का निघाले. २०२४-२५ या एका वर्षात हा तोटा १,०५,६०३ कोटींवर गेला. उलट २०२३-२४ मध्ये दलाली पेढ्यांच्या स्वत:च्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी व विदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये ठोकळ नफा मिळविला, आणि त्यातील बहुतेक सारा संगणकांच्या स्वयंचलित सौद्यांतून आला. अभ्यासिकेतील तरुणाचा सामना दुसऱ्या तरुणाशी नाही. तो निमिषार्धात हजारो सौदे करणाऱ्या भांडवलाशी आहे. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीवर बँक निफ्टी निर्देशांकाचे भाव हेतुत: हलविल्याचा आरोप ठेवून ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा अंतरिम आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारून अपील केले आहे. निकाल काहीही लागो. ज्या आकृतीला तरुण निसर्गनियम समजतो, ती कोणी घडवूही शकतो, ही शंका नियामकालाच आली, हे पुरेसे बोलके आहे.

गुरूंची कथा याहून उद्‌बोधक आहे. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शिकवणी चालविणाऱ्या मुंबईच्या गृहस्थाविरुद्ध सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला. त्यात आढळले ते असे की, शिष्यांना नफ्याची हमी देणाऱ्या या गुरूला स्वत:च्या सौद्यांत सुमारे अडीच वर्षांत २.८९ कोटींचा तोटा झाला होता. त्याची मिळकत आलेखातून नव्हे, शिकवणीच्या शुल्कातून होत होती. सोन्याच्या शोधात निघालेल्यांना फावडी विकणारा तेवढा गबर होतो, हा भांडवलशाहीचा जुनाच अनुभव आहे.

तरीही तरुण तेथे का जातो? सेबीच्याच आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये अशा व्यक्तींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतील होत्या, तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांचे घोषित उत्पन्न पाच लाखांखाली होते आणि ७२ टक्के मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे ही अकोला-अमरावतीसारख्या गावांचीच कथा आहे. अकोल्याच्या सावतराम मिलचा भोंगा इतिहासजमा झाला. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. कापसाचा भाव वाढेल या आशेवर घर चालते, तोच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले व ती माफी वर्षअखेरपर्यंत लांबविली. सोयाबीनचे वायदे महागाईच्या नावाखाली डिसेंबर २०२१ पासून स्थगित झाले व स्थगिती वारंवार वाढविण्यात आली. ज्या वायद्यामागे निदान खरे पीक आहे तो बंद. ज्यामागे केवळ निर्देशांकाचा आकडा आहे तो मात्र खुला, आणि त्यावरील कर सरकारी तिजोरीत. ही विसंगती अपघाती नाही. श्रमाला दाम न देणारी व्यवस्था त्याच श्रमिकाच्या मुलाला नशिबाचे दार दाखविते, आणि त्याची हार ही ‘शिस्तीचा अभाव’ म्हणून त्याच्याच माथी मारते.

म्हणून कार्यकर्त्यांनी नीतीचे प्रवचन करू नये. हरलेल्या तरुणाला जुगारी ठरविल्याने तो कर्ज लपवील, आणि लपविलेल्या कर्जाची किंमत वऱ्हाडला चांगली ठाऊक आहे. त्याच्याशेजारी बसून त्याच्या वर्षभराच्या सौद्यांचा जमाखर्च एका कागदावर मांडावा. दलाली व कर धरून शेवटची बेरीज त्यालाच करू द्यावी. त्याचबरोबर मागण्याही स्पष्ट असाव्यात : अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीस ऑप्शनचे खाते उघडून देणाऱ्या दलालावर दायित्व ठेवा, नफ्याच्या जाहिराती करणाऱ्या शिकवण्यांना आवर घाला, कापसाला हमीभावाची खरेदी वेळेवर द्या, रिक्त सरकारी पदे भरा. आलेखावरील रेघ उद्या कोठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. ती रेघ पाहत बसण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांच्या हाताला काम देणे मात्र माणसाच्या हातचे आहे.