समुद्रापलीकडचा स्नेह

गेल्या महिन्यांत माडीवरची पेटी उघडून आम्ही जुनीं पत्रें लावीत बसलों होतों. त्यांत एका बालमित्राचें पत्र हातीं लागलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका सार्वजनिक प्रश्नावर त्यांचा व आमचा तीव्र मतभेद झाला, आणि त्या पत्राचें उत्तर आम्हीं दिलें नाहीं तें नाहींच. तें पत्र हातांत धरून बसलों असतां एमर्सन व कार्लाइल ह्या दोन ग्रंथकारांची आठवण झाली. त्यांची हकीकत घरांतील तरुण मंडळीस वाचून दाखविण्याजोगी आहे.

१८३३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत राल्फ वाल्डो एमर्सन हा तीस वर्षांचा अमेरिकन गृहस्थ स्कॉटलंडांतील एका एकाकी शेतवाडीवर टॉमस कार्लाइलच्या घरीं दाखल झाला. त्याची पत्नी दोन वर्षांपूर्वीं वारली होती, व धर्मोपदेशकाची वृत्तिही त्यानें सोडली होती. कार्लाइल सदतीस वर्षांचा, विद्वान् परंतु उपेक्षित. एका रात्रीचा मुक्काम, डोंगरावर फेरफटका, आणि दुसऱ्या दिवशीं निरोप. एवढ्याशा परिचयावर एमर्सननें १८३४ च्या मे महिन्यांत पहिलें पत्र धाडिलें, आणि तो पत्रव्यवहार पुढें १८७२ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षें चालला. आरंभीं तर पत्रें शिडाच्या जहाजांतून जात; उत्तराची वाट पाहण्यांत महिनेच्या महिने लोटत.

ह्या पत्रांत केवळ गोड शब्द नव्हते. कार्लाइलचें ‘सार्टर रिसार्टस’ लंडनच्या मासिकांतून क्रमशः निघालें होतें. पण १८३६ सालीं प्रथम पुस्तकरूप मिळालें तें बॉस्टन शहरीं, एमर्सनच्या प्रस्तावनेसह. इंग्लंडांत त्यास आणखी दोन वर्षें लागलीं. परदेशी ग्रंथकाराचा हक्क रक्षणारा कायदा अमेरिकेंत झाला १८९१ सालीं. तोंपर्यंत कोणीही परकी पुस्तक छापावें व कर्त्यास दमडीही देऊं नये, अशी स्थिति होती. तशांत एमर्सननें मित्राचा फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास छापवून घेतला, हिशेब स्वतः पाहिले, आणि १८३८ सालीं पन्नास पौंडांची हुंडी लंडनला रवाना केली. कार्लाइलनेंही उतराई होऊन १८४१ सालीं एमर्सनचे निबंध आपल्या प्रस्तावनेसह तेथें प्रसिद्ध करविले. पुढच्याच वर्षीं एमर्सनचा पांच वर्षांचा मुलगा तापानें गेला, तेव्हां तें दुःखही त्यानें समुद्रापार ह्याच मित्राला लिहून कळविलें.

परंतु मतें जुळत नव्हतीं. कार्लाइलची भिस्त थोर पुरुषांच्या हुकमतीवर. एमर्सनची प्रत्येक माणसाच्या अंतरात्म्यावर. १८४५ सालीं भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर तन्मयतेनें वाचणारा एमर्सन तो हाच. कार्लाइलनें १८४९ सालीं गुलामगिरींतून मुक्त झालेल्या काळ्या लोकांविषयीं अत्यंत तुच्छतेचा लेख लिहिला. इकडे एमर्सन गुलामगिरीविरुद्ध जाहीर व्याख्यानें देत होता. अमेरिकेंतील यादवी युद्ध ऐन भरांत असतां, १८६३ सालीं, कार्लाइलनें त्या युद्धाची टवाळी छापली. ज्या घरचे तरुण रणांगणावर पडत होते, त्यांना ती कशी झोंबली असेल!

येथें कार्लाइलची बाजू अन्यायाची होती, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. एमर्सननेंही तें गिळलें नाहीं. १८६४ सालीं त्यानें लिहिलें त्याचा आशय असा, कीं तुम्ही पूर्वीं मनांत आणिल्याप्रमाणें अमेरिकेस येऊन गेलां असतां, तर मानवजातीच्या वैऱ्यांना तुमच्या नांवाचा आधार क्षणभरही घेतां आला नसता. इतकें कठोर लिहिलें, पण मित्रालाच लिहिलें. पत्रें विरळ झालीं, तुटलीं नाहींत. १८६६ सालीं कार्लाइलची पत्नी वारली, तेव्हां एमर्सनचें सांत्वनपत्र गेलें. १८७२ सालीं वृद्ध एमर्सन पुन्हां लंडनला जाऊन मित्रास भेटला. कार्लाइलनें क्रॉमवेल व फ्रेडरिक ह्यांच्या चरित्रांसाठीं जमविलेलीं पुस्तकें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठास मृत्युपत्रानें दिलीं. १८८१ सालीं तो गेला; पुढच्याच वर्षीं एमर्सन.

आज निरोप क्षणार्धांत पृथ्वीच्या पलीकडे पोहोंचतो, आणि तितक्याच त्वरेनें माणसें एकमेकांशीं बोलणें टाकितात. एकाच घरांत दोन भाऊ वर्षानुवर्षें अबोला धरितात, हेंही आपण पाहतों. आमच्या अल्प बुद्धीला वाटतें, मतभेदानें स्नेह मरत नाहीं, मौनानें मरतो. पटत नसेल तें स्पष्ट लिहावें, पण लिहावें.

हें शिकवावयास आम्ही अधिकारी नव्हों, हें त्या पेटीनें दाखविलेंच. त्याच रात्रीं आम्हीं मित्रास पत्र लिहिलें. मत बदललें नाहीं, तेंही लिहिलें. आणि उशीराबद्दल क्षमा मागितली. उत्तर अद्याप आलें नाहीं. आम्ही रोज पोस्टमनची वाट पाहत असतों.